कमळाकरचा रबरी पूल

खरवई, बदलापूर
४ ऑगस्ट २०२५

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद. द्रौपदीवहिनींना नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण तू बोलशील आणि मला ऐकू येणार नाही. अंबरनाथच्या कारखान्यात तुझा बाप आणि मी ज्या प्रेसवर पंचवीस वर्षं पत्रे ठोकले, तिने माझे दोन्ही कान खाल्ले. शंकर हुशार, कानात कापूस घालायचा. मी त्याला हसायचो. आता हसायला तो नाही आणि ऐकायला मी नाही. मेसेज पाठवावा तर माझा फोन अर्धा दिवस नातीच्या कार्टूनला आणि अर्धा दिवस पोराच्या, धर्मेशच्या, गेट-ग्रिलच्या ऑर्डरींना जुंपलेला असतो, आणि त्यात लिहिलेलं सगळं घर वाचतं. म्हणून हा कागद.

काम असं. बारवी धरणाच्या अलीकडे माझी बहीण मोतीबाई राहते. तिच्या वाडीच्या ओढ्यावर मी तीन वर्षांपूर्वी एक पूल बांधून दिला होता. बावीस फूट लांब, खाली तुळयांसारखे आडवे दोन लोखंडी चॅनेल, वर खाचांचा पत्रा, दोन्ही बाजूंना कठडा. वाडीची बारा घरं, शाळेची पोरं, भातलावणीच्या बाया, सगळी त्यावरून जायची. गेल्या महिन्यात ओढ्याला पूर आला आणि एक अख्खं झाड वाहत येऊन पुलाला अडकलं. चॅनेल मधोमध वीतभर बाजूला गेले आणि चार बोटं खाली बसले. पहाटे कधीतरी झालं. पुलावर कोणी नव्हतं.

आता वाडीला धरणाच्या रस्त्याने वळसा घालून यावं लागतं, एक तास जातो. कार्तिकात भात घरी आणायचं आहे. त्याच्याआधी मला पूल नवा करायचा आहे. पण आधी मला कळलं पाहिजे की हा वाकला का. आजवर माझ्या हातचं गेट किंवा ग्रिल कधी मला खाली बघायला लावणारं निघालं नाही. वाकलेल्या चॅनेलचा हातभर तुकडा कापून मोतीबाईच्या अमितबरोबर पाठवतो आहे, तो रोज तुमच्या एमआयडीसीतच कामाला येतो. तुझ्या लॅबमधल्या मशीनवर लाव. माल खोटा असेल तर खोटा म्हण, माझं काम खोटं असेल तर तसं म्हण. फक्त गोड बोलू नकोस.

तुझा
कमळाकरकाका


उल्हासनगर, कॅम्प ४
१७ ऑगस्ट २०२५

ती. कमळाकरकाकांस, सप्रेम जय भीम.

गोड बोलायला मला शिकवलंच कोणी? डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मी वर्कशॉपमध्ये नापास झाले होते. बाबा गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुम्ही न विचारता घरी आलात, आईला म्हणालात, "पोरीला मे महिनाभर माझ्या शेडमध्ये धाडा." चार दिवस एकच ठोकळा कानशीने घासायला लावलात. मी रडले तर म्हणालात, "काटकोन रडून येत नाही, घासून येतो." काका, ज्या मशीनवर तुमचा तुकडा लावला, त्या मशीनपर्यंत मी त्या ठोकळ्यावरूनच चालत आले. हे कधी बोलले नव्हते, म्हणून आज लिहून टाकते.

आता निकाल. माल अस्सल आहे. साधं माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचं पोलाद. शंभर भागांत कार्बनचा पाव भागसुद्धा नाही. तुमच्या तुकड्यातून एक कांडी कापून दोन्ही टोकांनी ओढली. पन्नास मिलिमीटरची खूण चौसष्टपर्यंत ताणली गेली, तेव्हा कुठे कांडी तुटली. इतकं ताणलं जाणारं पोलाद खोटं नसतं. तुमच्या वेल्डिंगच्या जोडाचाही एक तुकडा निघाला. तो मी दुमडून टोकाला टोक लावलं, चीर गेली नाही. तेव्हा कामही खोटं नाही. पूल त्याच्या ताकदीपलीकडचा भार आला म्हणून वाकला. असा भार आला की वाकावं, याचसाठी तर हे पोलाद वापरतात.

एक विचारू? झाडाने बाजूने रेटा दिला तर चॅनेल बाजूला जाईल. तुमचे खालीही चार बोटं बसलेत. त्या वेळी पुलावर काही वजन होतं का?

आई म्हणते, नातीला घेऊन एकदा या.

तुमची
मैत्रेयी


खरवई
३० ऑगस्ट २०२५

चि. मैत्रेयीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. ठोकळ्याचं लिहिलंस, बरं वाटलं. कानस मात्र तू अजून उलटीच धरत असशील.

निकाल वाचला आणि तो मला पटला नाही. वाकावं म्हणून लोखंड वापरतात, हे काय लोकांना सांगायचं? गणपतीला वाडीवर गेलो होतो. चंदर पाटील चारचौघांत म्हणाला, "कमळाकरचा रबरी पूल." आणि हे मला ओठांवरून कळलं, म्हणजे तो किती तोंड फाडून म्हणाला असेल बघ. मोतीबाई त्याच्या अंगावर धावून गेली, "तुज्या बापानं बांदला होता का रं?" बहीण भांडली म्हणून लाज जात नाही. आपल्याकडे म्हण काय आहे? मोडेन पण वाकणार नाही. आपला पूल वाकला.

तेव्हा आता असा बांधतो की पुन्हा वाकायची टाप नाही. उल्हासनगरच्या भंगार बाजारात धर्मेशने बंद पडलेल्या कारखान्याच्या क्रेनचे रूळ बघून ठेवले होते, ते परवा आणले. माल असा की छिन्नी मारली तर छिन्नी बोथट. दुकानदार म्हणाला, "साईं, ऐसा माल अब बनता नहीं." धर्मेश तर खूश, "बाबा, फुल हार्ड! हत्ती चढव!" एकेक तुकडा बारा फुटांचा आहे, तेव्हा मधोमध जोड द्यावा लागेल. कोयत्याला पाणी देतात तसं त्या जोडालाही तापलेला असतानाच पाणी देणार आहे, म्हणजे जोडही रुळासारखाच कडक होईल. दसऱ्यानंतर मुहूर्त.

वजनाचं तू विचारलंस. पहाटे कसलं वजन असणार?

कमळाकरकाका


उल्हासनगर
६ सप्टेंबर २०२५

ती. काकांस,

नमस्कार-चमत्कार नंतर. ते रूळ पुलाला लावू नका.

त्या रुळात तुमच्या चॅनेलपेक्षा तिप्पट-चौपट कार्बन असतो. म्हणून तो कडक आहे आणि म्हणूनच तो ताणला जात नाही. चाकाखाली झिजू नये म्हणून तो बनवलेला आहे. त्याला साध्या वेल्डिंग रॉडने जोड दिलात की जोडाच्या बाजूची जागा कडकडीत होते, आणि वरून पाणी ओतलंत तर काचेसारखी होते. कोयत्याला धार लागते म्हणून त्याला पाणी देतात. पुलाला धार कशाला? आणि तो जोड तुम्ही नेमका मधोमध घेणार, जिथे सगळ्यात जास्त ताण येतो. तो पूल वाकणार नाही हे खरं. पोरं शाळेला जाताना एक दिवस तो मोडेल, आणि त्याआधी कोणाला काही सांगणार नाही.

म्हण माणसांसाठी ठीक आहे. तीसुद्धा सगळ्या माणसांसाठी नाही.

आणखी एक. पूल कमी लवावा असं वाटत असेल तर कडक पोलाद घेऊन काही होत नाही. रोजच्या वजनाने जे लवायचं ते मऊ आणि कडक दोन्ही सारखंच लवतं, हे मी शेकडो वेळा मोजलं आहे. चॅनेल उंच घ्या. पाच इंचाऐवजी आठ इंची घेतलंत तर पूल तुमच्या पायाखाली हूं की चूं करणार नाही. आणि पूल ज्यांवर टेकतो ते दोन्ही काठांचे ओटे दोन हात वर उचला, म्हणजे झाड खालून जाईल.

माझं ऐकू नका. तुमच्या हातांना विचारा. रूळ ग्राइंडरला लावा आणि ठिणग्या बघा. चॅनेलच्या ठिणग्या लांब सरळ रेघांच्या असतात, रुळाच्या फुलबाजीसारख्या फुटतील. मग रुळाचे दोन तुकडे जोडा, तुम्ही म्हणता तसं पाणी द्या. चॅनेलच्या तुकड्यांचंही तेच करा. निवले की दोन दगडांवर आडवे ठेवा आणि मधोमध घण घाला. तोंड झाकून घ्या, चेष्टा नाही.

आणि काका, माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही प्रश्नाने दिलंत.

मैत्रेयी


उल्हासनगर
२९ सप्टेंबर २०२५

ती. काकांस,

तीन आठवडे झाले, तुमची ओळ नाही. काल अमित स्टेशनवर भेटला. म्हणाला, रूळ टेम्पोत चढवताना त्याने स्वतः पाहिले. वाडीवरच चालले असणार, दुसरीकडे कुठे?

तुम्ही रागावला असाल तर रागवा. कालची पोर आपल्याला लोखंड शिकवते, असं वाटलं असेल. वाटू दे. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी वाडीवर येते आहे. पूल उभा झाला असला तरी मी त्याच्या तोंडाशी बसेन आणि कोणाला जाऊ देणार नाही, मग तुमच्या बहिणीने माझाही बाप काढला तरी चालेल.

तुम्ही मला रडत बसू दिलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला हे करू देणार नाही.

मैत्रेयी


खरवई
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

पोरी, सुट्टी वाया घालवू नकोस. रूळ वाडीवर गेलेले नाहीत. टेम्पो उलट्या दिशेला चालला होता, बाजारात परत. अमित दोन गोष्टी बघतो आणि तिसरी आपल्या मनाची लावतो.

तुझं पत्र आल्यावर मला राग आला, हे खरं. पत्र डब्यात टाकलं आणि आठ दिवस डबा उघडला नाही. मग एका रविवारी धर्मेश ऑर्डर घेऊन सोनिवलीला गेला, तेव्हा एकट्याने ग्राइंडर लावला. ठिणग्या तू लिहिल्यास तशाच पडल्या. तरी म्हटलं, ठिणगीवरून काय कळतंय. जोड दिला, पाणी दिलं, दगडांवर ठेवला आणि घण घातला. मला आवाज आला नाही. पण दुसऱ्याच घावाला रूळ दोन तुकडे होऊन पडला. आतून साखरेच्या दाण्यांसारखा चकाकत होता. चॅनेलवर पंधरा घाव घातले. तो इंग्रजी व्ही झाला आणि माझे खांदे भरून आले, पण तुटला नाही. मी तिथेच पिंपावर बसलो. 

आज सकाळी दरवर्षीप्रमाणे शेडमधल्या मशीनची पूजा केली. वेल्डिंग मशीनला हार, ग्राइंडरला हार, ड्रिलला हार. मग पुलाचा तो वाकलेला चॅनेल, ज्याला दोन महिने मी जाता-येता शिव्या देत होतो, तो पुसला आणि त्यालाही हार घातला. धर्मेशने हातानेच विचारलं, हे काय? मी सांगितलं नाही. तुला सांगतो.

तेव्हा पहाट नव्हती. दुपारचे चार वाजले होते. पुलावर मी होतो आणि माझ्या खांद्यावर रिद्धी होती, धर्मेशची पाच वर्षांची पोर.

मोतीबाईकडे निघालो होतो. पावसाने दिवसभर तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. ओढा चढला होता, पण पूल चांगला वर होता. मधोमध आलो तेव्हा रिद्धी माझ्या छातीवर लाथा मारायला लागली, केस ओढायला लागली. मला वाटलं, पोरीला खेळ सुचला आहे. ती ओरडत होती, पोरी. वरून झाड येताना तिला दिसलं होतं, ती मला ओरडून सांगत होती, आणि मी हसत होतो.

मग पायाखालचं लोखंड बसलं. हिसका नाही, खाटेवर कोणी दुसरं येऊन बसलं की ती दबते तसं. चाळीस वर्षं लोखंडात काढलेले पाय आहेत, त्यांना कळलं. मी पळालो. काठावर पोचून वळून बघतो तर झाड पुलाला मिठी मारून बसलं होतं आणि चॅनेल अजून वाकत होते. हळूहळू. आम्ही उतरल्यावरसुद्धा. तो रूळ तिथे असता तर?

घरी सांगितलं, पूल पहाटेच वाकला होता, आम्ही रस्त्याने गेलो. रिद्धी सगळ्यांना सांगत सुटली, "आजोबा पळाले, आजोबा पळाले," आणि सगळे हसले, कारण मला पळताना दहा वर्षांत कोणी बघितलेलं नाही. खरं सांगितलं असतं तर सुनेने, उन्नतीने, पोर माझ्याकडे दिली नसती. आणि तिचं काय चुकलं असतं? ज्या म्हाताऱ्याला किंचाळी ऐकू येत नाही त्याच्या खांद्यावर कोण आई आपलं मूल देईल? राग माझा माझ्या कानांवर होता, काढला पुलावर. ज्याने पोर वाचवली त्यालाच मी नाव ठेवत राहिलो, आणि त्याच्या जागी मोडणारा पूल बांधायला निघालो होतो.

तू दोनदा विचारलंस म्हणून हे बाहेर आलं. तुझे उपकार मी कसे फेडू, ते तूच सांग.

कमळाकरकाका


उल्हासनगर
८ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस, सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र लॅबमध्ये वाचलं. चुकलंच, घरी वाचायला हवं होतं. सगळ्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात काहीतरी गेलं.

आमच्या मशीनवर माइल्ड स्टील ओढताना एक क्षण येतो. काटा चढत चढत जातो आणि एका जागी थबकतो. भार वाढत नाही, पोलाद तुटत नाही, नुसतं लांबत राहतं. मी रोज तो थबकलेला काटा बघते आणि वहीत आकडा लिहिते. आजपर्यंत तो मला आकडाच वाटत होता. त्या दिवशी तो थबकला होता तेवढ्या वेळात तुम्ही रिद्धीला घेऊन काठावर पोचलात. यापुढे मला तिथे नुसता आकडा लिहिता येईल असं वाटत नाही.

उपकार फेडायचेच असतील तर एकच करा. उन्नतीवहिनींना सांगा. पोर काढून घेतील, अशी भीती वाटते ना? वाटणारच. पण काका, न सांगता मोडणारा पूल आता तुम्हालाही नको आहे. त्यांच्या घरात तसा माणूस त्यांना हवा असेल का?

आठ इंची चॅनेलचं चित्र सोबत जोडलं आहे. दुकानात माल घ्याल तेव्हा एक टोक मला पाठवा. पुढच्या वेळी वाकल्यावर विचारायचं नाही, आधीच तपासायचं.

मैत्रेयी


खरवई
४ जानेवारी २०२६

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं तेच ठरत नव्हतं. आता ठरलं.

उन्नतीला सांगितलं. दिवाळीच्या आधी, चकल्या तळत होती तेव्हा. वेळ चुकीची निवडली. तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.  दुसऱ्या दिवशी रिद्धीला घेऊन सोनिवलीला माहेरी गेली. धर्मेश माझ्याशी आठ दिवस खुणांनीही बोलला नाही. घरात कार्टून नाही, पसारा नाही. मला आवाज ऐकू येत नाही ना, पण घर गप्प झालेलं कळतं.

मी वाडीवर जाऊन ओटे उचलायला घेतले. दुसरं काय करणार? तुझ्या चित्राप्रमाणे दोन हात वर घेतले. चंदर पाटील स्वतःहून सिमेंट कालवायला आला. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माफी दे, तात्या," आणि त्या दिवसापासून रबरी हा शब्द त्याच्या तोंडून निघालेला नाही. मोतीबाई म्हणते, "निगू दे तं खरा."

कार्तिकातलं भात काही त्या पुलावरून आलं नाही, उशीर झाला. बाया वळसा घालून भारे घेऊन आल्या, पण एकीनेही मला बोल लावला नाही. त्यांचे उपकार वेगळेच.

उन्नती पंधरा दिवसांनी परत आली. माझ्यासमोर बसली आणि रिद्धीच्या पाटीवर लिहून दाखवलं: "पोरगी तुमच्याजवळ राहील. खांद्यावर नाही. हात धरून. ती सांगेल ते ऐकायचं." खाली तिने नेम लिहून दिला. हात एकदा दाबला तर चला. दोनदा दाबला तर थांबा, का ते विचारायचं नाही. मी पाटी हातात धरून रडलो, पोरी. लपवत नाही. पुसू नकोस म्हटलं तरी रिद्धीने तिच्यावर मोर काढला.

काल पुलावर पहिल्यांदा माणसं चालली. नारळ मोतीबाईने फोडला. पहिली पावलं कोणाची, यावर थोडं भांडण झालं, मग सगळ्यांनी मला आणि रिद्धीला पुढे केलं. तिने हात एकदा दाबला, निघालो. मधोमध आलो आणि तिने दोनदा दाबला. मी जागीच थांबलो. वर बघितलं, ओढा कोरडा. खाली बघितलं, पूल ठीक. चाळीस माणसं काठावर बघत उभी, आणि मी पुतळ्यासारखा. का ते विचारायचं नाही, असं ठरलं होतं म्हणून विचारलं नाही.

मग मागे वळून बघितलं. उन्नती येत होती. केव्हापासून हाका मारत होती कोण जाणे, तोंड लाल झालं होतं. जवळ आली आणि तिने माझा दुसरा हात धरला. मला वाटलं काही सांगायचं असेल. तिने हात एकदा दाबला.

तिघं पलीकडे गेलो. संक्रांतीला वहिनींना घेऊन ये, तुलाही चालवून आणतो.

तुझा
कमळाकरकाका